कवळीवाल्यांचं थकलेलं भाडं

४ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं खुशालीचं पत्र मिळालं. त्यात हवा कशी आहे ते आहे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा दमा आहे, तुझा गुडघा तर दीड पान आहे. भाड्याबद्दल अवाक्षर नाही. चार पानं लिहून माणूस नेमकं तेवढंच कसं विसरतो, याचं मला कौतुक वाटतं.

बाबांनी घर वाटून दिलं तेव्हा खालचा मजला तुला आला आणि वरचा मला. वर नऊ वर्षं कवळीवाले राहतात, ते भाडं तुझ्या हातात देतात, तू मला पाठवतोस. इतकी सोपी पद्धत, पण ती एप्रिलपासून बंद पडली आहे. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचं मीच तुला कळवलं होतं की असू दे, विचारू नकोस. त्यानंतर जून गेला, जुलै गेला, ऑगस्टही गेला. माझा मोठेपणा दोन महिन्यांपुरताच होता, तो संपला.

मी मुलीकडे राहते, पण फुकट राहत नाही. दर महिन्याला घरखर्चात माझा वाटा देते, म्हणजे जावयांसमोर मान ताठ राहते. तो वाटा या भाड्यातूनच जातो. पाच महिने मी साठवलेल्यातून देते आहे.

फोन करू नकोस. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि मी बोलायला लागले की जावयांचं वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतं.

आजच वर जा. ‘कधी देताय?’ एवढे दोनच शब्द बोलायचे आहेत. तेवढे तुला जमतील.

अक्का

११ सप्टेंबर

अक्का,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी वर गेलो. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर ते दोन शब्द घोकले. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत इतके पाठ झाले होते की काय सांगू.

दार उघडंच होतं. कवळीवाले खिडकीशी बसले होते, हातात कुणाचा तरी खालचा जबडा. मला बघून म्हणाले, “या, या, देवासारखे आलात. हा रंग बघा आणि हा बघा. सत्तरीच्या गृहस्थाला कुठला शोभेल?” मी म्हटलं, डावीकडचा जरा जास्तच तरुण वाटतोय. ते म्हणाले, तुमची नजर चांगली आहे. मग चहा झाला. मग दुसरा जबडा निघाला. मी खाली आलो तेव्हा अंधार पडला होता आणि ते दोन शब्द माझ्याजवळच होते.

तू रागावशील, पण माझीही बाजू बघ. तीस वर्षं मी पाणीखात्यात मीटर वाचले. हजारो दारं ठोठावली, पण एकाही दारात पैसे मागितले नाहीत. मी आकडा लिहायचो आणि पुढच्या घराकडे वळायचो. पैसे मागायला वेगळं खातं होतं, त्या खात्यातल्या माणसांचे चेहरेसुद्धा वेगळे असायचे.

माणूस लबाड नाही एवढं मात्र छातीठोक सांगतो. काम डोळ्यांत तेल घालून करतो. आणि तोंडाचा असा पक्का की बस. डब्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. वहीतही आकडेच. परवा आम्ही रस्त्यानं चाललो होतो, समोरून एक बाई छान हसत आली. हा गडी सरळ दुसरीकडे बघायला लागला. मी विचारलं, ओळखीची होती का? तर म्हणे, “माझं काम ज्याच्या तोंडात आहे, त्याला मी रस्त्यात ओळखत नाही. त्यानं ओळख दिली तर गोष्ट वेगळी.” आता अशा माणसाला गिऱ्हाइकांनी बुडवलं तर तो वसुली तरी कशी करणार? दिलेले दात परत मागता येत नाहीत.

तुझं बरं आहे बाई. अडुसष्टावं चाललंय आणि बत्तीशी शाबूत. नातीच्या शाळेतला तो फोटो पाठवलास ना, त्यात पुढच्या दोन दातांमधली तुझी बारीक फटसुद्धा दिसते, लहानपणी होती तशीच. कवळीवाल्यांना मुद्दाम दाखवला. म्हटलं, बघा, आमच्या अक्काकडून तुम्हाला काही मिळायचं नाही! ते हसले नाहीत. कामात होते बहुतेक.

तुझा
धाकटा

१६ सप्टेंबर

धाकट्या,

माझ्या दातांचा विषय मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. आणि माझे फोटो लोकांना दाखवत फिरू नकोस.

तुला भाडं मागायला पाठवलं होतं की कवळ्यांचे रंग पसंत करायला? मी बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळला, शेवटची दहा वर्षं मेट्रन म्हणून. पेशंटचा नातेवाईक हुज्जत घालायला आला की मी त्याच्याशी उभ्यानं बोलायची. बसलं की माणूस नरमतो. म्हणून नीट वाच: खुर्ची दिली तर बसायचं नाही. चहा दिला तर घ्यायचा नाही. जबडा दाखवला तर बघायचा नाही.

आता मुद्द्याचं. जावयांच्या ओळखीचा एक विमा एजंट आहे, त्याला ऑफिससाठी जागा हवी आहे. तो दुप्पट भाडं द्यायला तयार आहे, वर सहा महिन्यांचं आगाऊ. जावई रोज विचारतात, “मग काय ठरलं तुमचं?” मी किती दिवस टाळणार? कवळीवाल्यांना सांग, राहिलेल्या महिन्यांचं कारण तरी द्या, नाहीतर ३१ ऑक्टोबरला जागा मोकळी करा. नऊ वर्षं राहिले म्हणून तोंडानं नीट सांग, पण सांग.

तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

अक्का

२५ सप्टेंबर

अक्का,

सांगितलं. उभ्यानं सांगितलं. खुर्ची त्यांनी पुढे केली होती, मी तिच्या पाठीला धरून उभा राहिलो.

मी म्हटलं, “भाडं थकलंय.”

ते म्हणाले, “हो.”

“का थकलंय?”

“ते सांगता येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“एका व्यक्तीला शब्द दिलाय. त्या व्यक्तीनं सोडवल्याशिवाय मला बोलता येत नाही.”

मी म्हटलं, “अहो, मग अक्का म्हणते ऑक्टोबरअखेर जागा सोडा.” वाटलं होतं चिडतील, गयावया करतील, निदान नऊ वर्षांचा दाखला देतील. त्यांनी हातातली दातांच्या रंगांची पट्टी खाली ठेवली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं.” एवढंच.

अक्का, त्या खिडकीचं तुला सांगायला हवं. दाताचा रंग दिव्याखाली कळत नाही म्हणे. थेट ऊन आलं तरी कळत नाही. उत्तरेचा शांत उजेड लागतो आणि तो आपल्या वरच्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो. त्यांनी पाच दिवसांत सहा जागा बघितल्या. उजेड असेल तिथे भाडं आवाक्याबाहेर, भाडं झेपेल तिथे दिवसाही दिवा. शेवटी एका गॅरेजच्या मागची खोली ठरवून आले आहेत. तिला खिडकीच नाही. मी विचारलं, मग काम कसं करणार? म्हणाले, “दुरुस्तीची कामं करीन. नवे दात बंद.” त्रेसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं नवे दात केले, आणि आता तुटके चिकटवणार.

मी खूप विचार केला. कुणीतरी या माणसाला चांगलंच टोपी घालतंय. आधी मला समोरच्या संगीतशिक्षिकेचा संशय आला, पण ती तर याच्याकडे बघतही नाही. भाऊ-पुतण्या कुणी नाही. म्हणजे एखादं गिऱ्हाईकच. भिडेखातर काम करून घेतलं, पैसे दिले नाहीत आणि वर तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. असला माणूस मला सापडला ना अक्का, तर मी त्याला तुझ्यासमोर आणून उभा करीन. मग तू बघ त्याच्याकडे.

एक सांगतो, आवडलं नाही तरी ऐक. मला ते जायला नको आहेत. रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळाचा एक डाव टाकतो. मी हरतो, पण कुणाशी तरी हरतो. ते गेले की मी आहे आणि माझा गुडघा आहे.

तुझा
धाकटा

२९ सप्टेंबर

कवळीवाले यांस,

माझ्या भावाकडून आपलं उत्तर कळलं. शब्द दिला आहे, सांगता येत नाही, हे मला मान्य नाही.

मार्चमध्ये आपण माझ्यासाठी जे काम केलंत, त्याचे पैसे एप्रिल आणि मे महिन्यांच्या भाड्यातून वळते करायचं आपलं ठरलं होतं. ते झालं. त्यानंतर आपल्याकडून फक्त किरकोळ दुरुस्ती झाली. मग जूनपासूनचं भाडं कुठे गेलं? माझा भाऊ भिडस्त आहे, त्याला कुणीही गुंडाळतो. मी तशी नाही.

३१ ऑक्टोबरला जागा रिकामी हवी. आणि त्या कामाबद्दल माझ्या भावापाशी आपण काही बोलला असाल तर ते मी कधी विसरणार नाही.

घरमालकीण

५ ऑक्टोबर

बाई,

आपलं पत्र मिळालं. पूर्वी ठरल्याप्रमाणे हे उत्तर आपल्या मुलीच्या नावानं पाठवतो आहे, म्हणजे पाकीट दुसऱ्या कुणी फोडणार नाही.

आपल्या बंधूंना मी काहीही बोललेलो नाही. फोटो त्यांनी आपणहून दाखवला, मी मान खाली घालून काम करत राहिलो. खरं तर मला तो नीट बघायचा होता.

आपण किरकोळ दुरुस्ती लिहिलंत, म्हणून नाइलाजानं खुलासा करतो. आपण मार्चमध्ये इथे आला होतात आणि आपले बंधू सकाळी फिरायला जात, तेव्हा वर येऊन माप दिलंत. त्या पहिल्या कवळीचे पैसे दोन महिन्यांच्या भाड्याइतके झाले, हे बरोबर. मेमध्ये आपण ती पार्सलनं परत पाठवलीत. सोबत लिहिलं होतंत, ‘फार पांढरे आहेत, जाहिरातीतल्या बाईसारखे दिसतात, माझ्या वयाला शोभतील असे करा.’ दाताचा रंग पुसून बदलत नाही. सगळे दात नवे घ्यावे लागतात. ती दुसरी कवळी. जूनअखेर ती परत आली, जेवताना वाजते म्हणून. सोबत आपला तरुणपणचा फोटो होता आणि लिहिलं होतं, ‘करताच आहात तर पुढच्या दोन दातांत माझी होती तशी फट ठेवा, म्हणजे कुणाला शंका येणार नाही.’ ती तिसरी. तिच्यावर मी पाच आठवडे होतो. फट ठेवणं सोपं, पण फट जुनी वाटायला हवी, ते अवघड.

प्रत्येक पार्सलमध्ये आपली चिठ्ठी असे: ‘जे होईल ते भाड्यातून वळतं करा. बिल पाठवू नका, घरात पडून राहिलं तर जावयांच्या हाती लागेल.’ मी तसंच केलं. सगळं मिळून सप्टेंबरअखेर फिटलं. आपल्याला हे कळवायला हवं होतं, पण बिल नको म्हटल्यावर कळवू कशावर, हे मला सुचलं नाही. ती चूक माझी. ऑक्टोबरचं भाडं जाताना बंधूंच्या हातात देईन.

जागा आपली आहे. आपण सोडा म्हणालात, मी सोडतो. त्याबद्दल तक्रार नाही. वडिलांनी मला हा धंदा शिकवला तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली होती की दात तोंडात गेला की तो त्या माणसाचा झाला. त्यावर आपला हक्क सांगायचा नाही, तो दाखवून दुसरं काही पदरात पाडून घ्यायचं तर नाहीच नाही.

एक विनंती. वर्षभरात हिरडी आक्रसेल आणि खालची कवळी सैल होईल. तेव्हा घरी कानशीनं घासत बसू नका, तिकडच्या चांगल्या माणसाला दाखवा. आणि तिसरी वाजते का, ते आपण कळवलंच नाहीत. कळलं तर बरं वाटेल.

आपला
वरच्या मजल्यावरचा

१६ ऑक्टोबर

अक्का,

माझ्या पत्राला तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. तू आजारी असतीस तर भाचीनं कळवलं असतं. म्हणजे तू रागावली आहेस. हरकत नाही, मीही रागावलोय.

तुझा विमा एजंट जागा बघायला येऊन गेला. बुटासकट आत. टेप काढून भिंती मोजल्या, कवळीवाल्यांच्या फळ्यांवर टिचकी मारून म्हणाला, हे सगळं उखडून टाकू. खिडकीकडे बघून म्हणाला, इथे पडदा लावावा लागेल, फार उजेड आहे. कवळीवाले बाजूला उभं राहून वर्तमानपत्रात साचे गुंडाळत होते. नऊ वर्षांतले साचे, शेकड्यांनी. मी दोन दिवस मदत करतो आहे. प्रत्येक साचा म्हणजे कुणाचं तरी तोंड, त्यामुळे आपटूनही ठेवता येत नाही.

मी तुला जन्मात कधी उलट बोललो नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, शाळेत पोचवलंस, नोकरीला चिकटवलंस, ते काही मी विसरलेलो नाही. पण आज बोलतो. तू हे चुकीचं करते आहेस. त्यांनी भाडं का थकवलं मला माहीत नाही, आणि आता मला ते माहीत करून घ्यायचंही नाही. जो माणूस दुसऱ्याचा शब्द पाळायला आपली खिडकी सोडतो, तो माणूस मला भाड्यापेक्षा महाग आहे. तू वरचा मजला कुणालाही दे. मी त्यांना माझी पुढची खोली देऊ केली आहे, फुकट. त्यांनी येऊन बघितली. समोर भिंत आहे, उजेड नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुमच्याकडे राहून मी तुमचंच ओझं होईन. डाव खेळायला येत जाईन.” गॅरेज चार मैलांवर आहे अक्का. ते यायचे नाहीत आणि माझा गुडघा मला जाऊ द्यायचा नाही.

हातगाडी ३१ तारखेला सकाळी दहाची ठरली आहे.

धाकटा

२० ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी रागावले नव्हते. मला लाज वाटत होती, आणि त्याची सवय नसल्यामुळे काय करावं ते कळत नव्हतं.

तो माणूस शोधून माझ्यासमोर उभा करणार होतास ना? लांब जायला नको. तो मीच.

माझ्या तोंडात एकही दात माझा नाही. सगळे कवळीवाल्यांचे आहेत. मार्चमध्ये मी आले ती तुझ्यासाठी आले असं तुला वाटलं, ते निम्मं खरं होतं. तेव्हा तोंडाला सारखा रुमाल धरत होते, तो सर्दीमुळे नव्हे. एकदा करायची कवळी त्यांनी तीनदा केली, माझ्या हट्टापायी. मी एकाच वेळचे पैसे धरले आणि बाकीची किरकोळ दुरुस्ती समजले. वॉर्डात सुईचा हिशोब ठेवणारी मी! त्यांनी माझ्याच सांगण्यावरून भाडं दिलं नाही, माझ्याच सांगण्यावरून तुला कारण सांगितलं नाही, आणि मी त्यांना त्याबद्दल घराबाहेर काढलं. भाडं थकलेलंच नव्हतं रे, थकबाकी माझ्याकडे होती.

तू विचारशील, अक्का, कवळी लावणारी तू काय जगात पहिली आहेस का? नाही. पण बाबा आठव. त्यांची कवळी जेवताना वाजायची. तू त्यांची नक्कल करायचास आणि मी चमच्यावर चमचा आपटून तुला ताल द्यायची. किती हसलो आपण. मग एक दिवस ते म्हणाले, “तुम्ही बसा, मला भूक नाही.” त्यानंतर ते कधी आपल्याबरोबर जेवले नाहीत, ताट खोलीत न्यायचे. तू अकरा वर्षांचा होतास, तुला वाटलं मोठ्यांना भूक कमी लागते. मी एकोणीस वर्षांची होते. मला कळलं होतं. कळूनही मी एकदासुद्धा म्हटलं नाही की बाबा, या, आम्ही हसणार नाही.

माझी दुसरी कवळी वाजायला लागली तेव्हा मी जावयांना सांगितलं की मला लवकर जेवायची सवय आहे. महिनाभर मी माझ्या खोलीत एकटी जेवत होते. बाबांना रोज तसंच वाटत असणार, हे तेव्हा कळलं. मुलीला सगळं ठाऊक आहे, जावयांना नाही. आणि तुला तर मी मेले तरी सांगणार नव्हते, कारण तू हसला असतास आणि मला ते सोसलं नसतं.

आता वर जा. त्यांना सांग, राहा. एजंटाला मी नाही म्हणून कळवते, जावयांना काय सांगायचं ते मी बघते. लवकर जा.

अक्का

२४ ऑक्टोबर

अक्का,

मी हसलो नाही. पत्र जिन्यातच उघडलं होतं, पाचव्या पायरीवर बसून वाचलं. बाबांचं मला खरंच माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं ती नक्कल लोकांना करून दाखवत आलो.

आणि उगाच मोठेपणा नको म्हणून सांगतो, माझेही सगळे माझे नाहीत. एक नाही. कुठला ते मी सांगणार नाही आणि वरचा माणूस तर नाहीच सांगणार.

पण आता ऐक, पंचाईत झाली आहे. पत्र घेऊन मी वर गेलो. म्हटलं, “सामान सोडा! अक्कानं मला सगळं सांगितलं. दातांचं, तीन कवळ्यांचं, भाड्याचं.”

ते म्हणाले, “कुठले दात?”

“अक्काचे!”

“बाईंना मी घरमालकीण म्हणून ओळखतो. त्यांच्या दातांबद्दल मला काही माहिती नाही.”

मी पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी तोंड फिरवलं. “दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही.” मी म्हटलं, अहो, मग मी वाचून दाखवतो. तर उठून गॅलरीत गेले! तिथून म्हणाले, “मी राहावं म्हणून तुम्ही काहीही रचाल. तेवढी आपली दोस्ती आहे. पण बाईंनी मला लेखी सांगितलंय सोडा म्हणून. त्यावर मी चालणार.”

समजलं का तुला? त्यांना वाटतंय मी अंदाजानं खडा मारतोय आणि ते ‘हो’ म्हणाले की तुझं गुपित फुटणार. म्हणून ते साचे गुंडाळतायत आणि मी बाजूला उभा राहून कपाळ बडवतोय. तुझ्या गुपिताची राखण आता तुझ्यापासूनच चालली आहे.

माझ्या सांगण्यानं होणार नाही. तू त्यांना स्वतः लिही. हे पत्र तातडीच्या टपालानं टाकतो आहे, तूही तसंच टाक. एकतीसला दहा वाजता हातगाडी येते.

तुझा
धाकटा

२७ ऑक्टोबर
(उघडं कार्ड, तातडीचं)

कवळीवाले यांस,

माझ्या तोंडातले वरचे आणि खालचे सगळे दात आपण केलेले आहेत. एकदा नव्हे, तीनदा. त्यांच्या पैशांपोटी एप्रिल ते सप्टेंबरचं सगळं भाडं पोचलं, माझं काही येणं नाही. जागा सोडा असं मी लिहिलं होतं, ते चुकून नव्हे, आखडूपणानं लिहिलं होतं. ते मागे घेते. हातगाडी परत पाठवा. साचे परत फळ्यांवर लावायला माझ्या भावाला घ्या, त्याला दुसरा उद्योग नाही.

आपण मला दिलेला शब्द मी सोडवला आहे. यापुढे मी रस्त्यात भेटले तर खुशाल ओळख द्या.

तिसरी कवळी वाजत नाही. काल रात्री टेबलाशी सगळ्यांबरोबर बसून जेवले आणि नातीनं काहीतरी सांगितलं त्यावर तोंडावर हात न ठेवता हसले.

पाकिटं आता पुरे झाली. हे कार्ड असंच उघडं, पेटीत टाकायला जावयांच्या हातात देते आहे. ते वाचल्याशिवाय राहायचे नाहीत. वाचू देत. हसतील त्यांचे दात दिसतील.

ऑक्टोबरचं भाडं धाकट्याकडे द्या. आणि नोव्हेंबरचं पाच तारखेच्या आत.

अक्का